वाहनचालकांचे प्रश्न : लाल सिग्नल आणि वळण

या वेळच्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न एकाच जागेबद्दल आले : सिग्नल लाल आहे, सरळ जायचं नाही, वळायचं आहे, मग काय करायचं? निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे भारतातला रस्ता आणि भारतातलेच नियम धरले आहेत.

प्रश्न : ऑफिसला जाताना एका सिग्नलला मला डावीकडे वळावं लागतं. लाल असला की मी थांबतो, पण मागचे हॉर्न वाजवून नको करून सोडतात. ‘लेफ्ट फ्री असतो, माहीत नाही का?’ असंही ऐकवतात. डावं वळण खरंच कायम मोकळं असतं का?

उत्तर : नाही. ‘फ्री लेफ्ट’ ही त्या त्या चौकापुरती दिलेली सोय आहे. ती आहे की नाही हे तीन गोष्टींवरून कळतं. एक, डावं वळण मोकळं असल्याचा बोर्ड. दोन, गोल लाल दिव्याच्या सोबतीला पेटलेला डावीकडचा हिरवा बाण. तीन, सिग्नलच्या खांबाच्या आधीच छोटं बेट घालून डावीकडे वळवलेली वेगळी लेन. यांपैकी काहीच नसेल, तर लाल म्हणजे थांबा, मग तुम्हाला कुठेही जायचं असो.

गोंधळ होण्याला कारण आहे. काही शहरांच्या वाहतूक पोलिसांनी दिलेल्या सूचनांत ‘मनाईचा फलक नसेल तर पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन डावीकडे वळता येईल’ अशा अर्थाचं वाक्य सापडतं. शेजारच्याच शहरात मात्र डाव्या वळणाला स्वतंत्र लाल बाण बसवलेला असतो आणि त्यावर कॅमेराही असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे चालतं’ हे गावाबाहेर पडलं की कामाचं नाही. चौकात लावलेलं वाचा. काहीच लावलेलं नसेल तर थांबा. थांबल्याबद्दल चलान होत नाही.

मोकळं वळण असलं तरी ते आधी तुमचं नसतं, हेही लक्षात ठेवा. डावीकडे वळताना आपण दोन झेब्रा ओलांडतो : पहिला आपल्याच रस्त्यावरचा, स्टॉप लाइनच्या पुढचा, आणि दुसरा ज्या रस्त्यात शिरतो त्याच्या तोंडाशी असलेला. आपला सिग्नल लाल असतो तेव्हा पहिल्या झेब्र्यावर माणसं चालत असतात, कारण आपण थांबलेले आहोत हे धरूनच त्यांना सोडलेलं असतं. आपला हिरवा झाला की उलट होतं. आता दुसऱ्या झेब्र्यावर माणसं असतात, आणि वेग घेऊन वळणाऱ्याला ती अचानक समोर दिसतात. लालवर वळणारा चालक उजवीकडून येणारी वाहनं बघण्यात गुंतलेला असतो आणि डाव्या फुटपाथवरून पाय खाली टाकणारा माणूस त्याला दिसतच नाही. या वळणावरचा मुख्य धोका हाच.

म्हणून क्रम ठरवून घ्या. स्टॉप लाइनला पूर्ण थांबा. डाव्या आरशात मागून येणारी दुचाकी बघा. पहिला झेब्रा दोन्ही बाजूंनी बघा. मग उजवीकडची वाहनं, आणि गाडी हलवण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा डावीकडे. कारच्या काचेच्या उजव्या खांबामागे एक अख्खी दुचाकी लपू शकते, त्यामुळे मान नुसती वळवून भागत नाही, थोडं पुढे वाकून बघावं लागतं.

आता मागच्यांचीही एक बाजू. फ्री लेफ्टचा बोर्ड असलेल्या चौकात सरळ जाणारे लोक डाव्या कडेला येऊन लालला उभे राहतात आणि वळणाऱ्यांची वाट अडवतात. तिथे हॉर्न रास्त आहे. सरळ जायचं असेल तर सिग्नल दिसायच्या आधीच मधली लेन धरा.

प्रश्न : टी आकाराच्या चौकात फाटा उजवीकडे आहे आणि मला डाव्या कडेने सरळ जायचं आहे. माझ्या बाजूला रस्ताच येत नाही, मग लालला का थांबायचं? सगळेच जातात.

उत्तर : फाट्यावरून उजवीकडे वळणारी वाहनं तुमच्याच दिशेच्या रस्त्यात येऊन मिळतात. त्यांचा हिरवा चालू असतो, म्हणून ती वेगात आणि लांब वळसा घेत येतात, आणि हा वळसा बरेचदा डाव्या कडेलाच येऊन संपतो. शिवाय तुमच्यासमोरच्या झेब्र्यावरून रस्ता ओलांडायला पादचाऱ्यांना हाच एक वेळ मिळालेला असतो. सरळ जाणाऱ्यांसाठी वेगळी लेन आखून तिला हिरवा बाण दिलेला असेल तरच जा. ‘सगळेच जातात’ म्हणून तर तिथे कॅमेरा बसतो.

प्रश्न : गोल हिरवा आणि हिरवा बाण यांत नेमका फरक काय? उजवीकडे वळताना कधी थांबायचं, ते कळत नाही.

उत्तर : उजवीकडचा हिरवा बाण पेटला असेल तर समोरून येणारी वाहनं त्या वेळी सहसा लालला थांबवलेली असतात. तरीही एक नजर टाकायचीच, कारण लाल तोडणारा नेमका तेव्हाच येतो. नुसता गोल हिरवा असेल तर समोरच्यांनाही हिरवाच असतो. अशा वेळी चौकाच्या मध्याच्या थोडं अलीकडे थांबा, चाकं सरळ ठेवा आणि समोरून येणाऱ्यांना जाऊ द्या. चाकं आधीच उजवीकडे वळवून उभे राहिलात आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहनांत ढकलली जाते.

बाणाचं गणित उलटही लागू होतं. गोल हिरवा आहे पण डावीकडचा बाण लाल आहे, तर डावं वळण बंद. आणि गोल लाल आहे पण डावीकडचा बाण हिरवा, तर फक्त डावं वळण चालू. बाण दिसत असेल तर त्या दिशेपुरतं बाणाचंच ऐकायचं.

प्रश्न : उजवीकडे वळायला मी चौकात शिरून थांबलो आणि तेवढ्यात पिवळा, मग लाल झाला. पुढे जायचं की मागे घ्यायचं?

उत्तर : मागे कधीच घेऊ नका. हिरवा असताना स्टॉप लाइन ओलांडून चौकात शिरलेल्याने वळण पूर्ण करून चौक मोकळा करायचा असतो. त्यासाठीच पिवळ्यानंतर बहुतेक चौकांत सगळ्या बाजूंना एकदम लाल असण्याचे एक-दोन सेकंद ठेवलेले असतात. मात्र पुढच्या रस्त्यात जागा असेल तरच आत शिरायचं. पुढे गाड्या तुंबल्या असतील तर हिरवा असला तरी स्टॉप लाइनलाच थांबा. चौकात पिवळ्या तिरप्या रेघांची जाळी आखली असेल तर ती नेमकं हेच सांगते : बाहेर पडायची जागा दिसल्याशिवाय इथे येऊ नका.

प्रश्न : पिवळा पडला की ब्रेक मारू की निघून जाऊ? दोन्ही केलं तरी कुणीतरी ओरडतंच.

उत्तर : पिवळा म्हणजे ‘थांबा, थांबणं सुरक्षित नसेल एवढे जवळ आला असाल तरच जा’. हिशेब असा. ताशी 50 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. दिवा बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर 14 मीटर तिथेच गेले. सावकाश, मागच्याला दचकवणार नाही असा ब्रेक लावला तर आणखी 32 मीटर लागतात. एकूण 46. पिवळा तीन सेकंदांचा असेल तर त्या वेळात तुम्ही 42 मीटर जाता. म्हणजे 42 आणि 46 मीटरच्या मध्ये सापडलात तर सावकाश थांबणंही जमत नाही आणि लाल व्हायच्या आत रेषा ओलांडणंही जमत नाही. यावर उतारा एकच : सिग्नल दिसताच वेग 40 च्या खाली आणा. तेव्हा थांबायला साधारण 32 मीटर लागतात आणि पिवळ्याच्या तीन सेकंदांत 33 मीटर होतात. कोंडी सुटते.

हे कोरड्या रस्त्याचे आकडे आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, आणि दुचाकीने स्टॉप लाइनच्या किंवा झेब्र्याच्या पांढऱ्या रंगावर ब्रेक मारला तर चाक घसरतं. ब्रेक रंगाच्या आधी संपवा.

प्रश्न : मी स्कूटर चालवते. सिग्नलला बसच्या डावीकडे जागा मिळाली की पुढे जाऊन उभी राहते. नवरा म्हणतो हे धोक्याचं आहे. बस तर थांबलेलीच असते ना?

उत्तर : ते बरोबर सांगताहेत. बस थांबलेली असते तोवर काही होत नाही. ती डावीकडे वळायला लागते तेव्हा होतं.

लांब वाहन वळतं तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेली बस बारा मीटर त्रिज्येने वळली, तर आतलं मागचं चाक पुढच्यापेक्षा सुमारे दीड मीटर आत येतं. स्कूटर आणि तिच्यावरचा माणूस मिळून जेवढी जागा व्यापतात, त्याच्या दीडपट तरी ही पट्टी आहे. बसचा पुढचा भाग तुमच्यापासून लांब जाताना दिसतो, म्हणून वाटतं की जागा वाढतेय. त्याच वेळी मागचं चाक तुमच्याकडे सरकत असतं आणि तुमच्या डाव्या हाताला फुटपाथची कड असते. निसटायला वाट नाही.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. अरुंद रस्त्यात डावीकडे वळण्याआधी बसचा किंवा ट्रकचा चालक गाडी मुद्दाम थोडी उजवीकडे घेतो, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढेल. मागून बघणाऱ्याला वाटतं, गाडी उजवीकडे चालली, डावीकडून निघू या. नेमकी तीच जागा बंद होणार असते. इंडिकेटर बघा. तो बिघडलेला असेल तर पुढच्या चाकाकडे बघा, ते कुठे वळलंय ते कळतं.

लांब वाहनाच्या डावीकडे उभं राहायचंच नाही, मागे राहायचं. बसचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर आरशातून तुम्हीही चालकाला दिसत नाही. दाराच्या अगदी खाली, पुढच्या डाव्या कोपऱ्याशी उभं राहिलात तर आरसा असूनही दिसत नाही, कारण तिथे खिडकीची कड आड येते. आणि नुकताच हिरवा झालेला असताना हालचाल सुरू झालेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे काढणं, यासारखी दुसरी चूक चौकात नाही.

प्रश्न : लाल असताना यू-टर्न चालतो का?

उत्तर : नाही. यू-टर्नसाठी वेगळा बाण किंवा दुभाजकात आधीच सोडलेली वेगळी जागा असेल तर गोष्ट वेगळी. लाल टाळायला आधी डावीकडे वळायचं, लगेच यू-टर्न मारायचा आणि पुन्हा डावीकडे वळून सरळ निघायचं, ही युक्ती दुचाकीवाले सर्रास करतात. पहिलं वळण मोकळं असलं, तरी तो यू-टर्न बहुतेक वेळा झेब्र्यावर किंवा हिरव्यावर सुटलेल्या वाहनांच्या तोंडासमोर होतो. वाचणारा वेळ अर्ध्या मिनिटाचा.

प्रश्न : सिग्नल लाल होता, पण पोलिसाने हाताने ‘या’ म्हटलं म्हणून मी वळलो. नंतर ई-चलान आलं. आता काय?

उत्तर : चौकात गणवेशातला पोलिस हाताने वाहतूक चालवत असेल तर त्याची खूण सिग्नलच्या वर असते. तुम्ही केलं ते बरोबर. कॅमेऱ्याला मात्र पोलिस कळत नाही.

कॅमेऱ्याने नोंदवलेल्या गुन्ह्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167 अ हा नियम आला. त्यानुसार गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. आधी फोटो उघडून चार गोष्टी पाहा : नंबर तुमच्याच गाडीचा आहे का, दिव्याचा रंग दिसतो का, त्या क्षणी गाडी स्टॉप लाइनच्या अलीकडे होती की पलीकडे, आणि तारीख-वेळ जुळते का. फोटोत पोलिस दिसत असेल तर काम सोपं. मग राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि डॅशकॅमचं चित्रण असेल तर तेही जोडा. ते चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायची सवय लावा, कारण कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. तक्रार मान्य झाली नाही तर न्यायालयात बाजू मांडता येते. पैसे भरून टाकले की वादाला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून भरण्याआधी ठरवा.

प्रश्न : सिग्नल तोडला तर दंड 500 रुपये की 5000? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

उत्तर : दोन्ही आकडे कायद्यात आहेत, कलमं वेगळी आहेत. वाहतूक चिन्हं न पाळल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 119 आणि शिक्षेसाठी कलम 177 लावलं, तर पहिल्या वेळी 500 पर्यंत आणि पुढे 1500 पर्यंत. पण 2019 च्या दुरुस्तीने कलम 184 मधल्या धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत लाल दिवा ओलांडणं नाव घेऊन घातलं. त्यात पहिल्या गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसंच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय 184 लागलं तर पोलिस लायसन्स ताब्यात घेऊन ते निलंबित करण्यासाठी पाठवू शकतात. रोज गाडी चालवून पोट भरणाऱ्याला दंडापेक्षा हेच जास्त महाग पडतं.

प्रश्न : रात्री सिग्नल नुसता लुकलुकत असतो किंवा बंदच असतो. तेव्हा वळताना आधी कोण?

उत्तर : लुकलुकता पिवळा असेल तर वेग कमी करून, बघून जा. लुकलुकता लाल असेल तर पूर्ण थांबा, मोकळं आहे बघा, मग निघा. पूर्ण बंद असेल तर तो चौक बिनसिग्नलचा समजा : मुख्य रस्ता ठरवून दिलेला असेल तर त्यावरच्यांना आधी, नाहीतर उजवीकडून येणाऱ्याला आधी. मोठ्या गाडीला आधी, असा नियम कुठेही नाही.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला जातोय. तिथे लालवर उजवीकडे वळता येतं असं तो म्हणतो. इथली सवय तिथे चालेल का?

उत्तर : वळता येतं, पण इथल्या सवयीने गेलात तर पहिल्याच आठवड्यात तिकीट हातात पडेल.

तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून आपलं डावं वळण म्हणजे त्यांचं उजवं. तेलटंचाईनंतर इंधन वाचवायला 1975 च्या संघीय कायद्याने राज्यांना ही सवलत द्यायला भाग पाडलं आणि 1980 पर्यंत ती सगळ्या राज्यांत आली. पण अट आहे : आधी पूर्ण थांबायचं. चाकं फिरायची थांबली पाहिजेत. नुसता वेग कमी करून सरकत वळणं हा तिथे लाल तोडण्याचाच गुन्हा आहे आणि कॅमेरे तो टिपतात. थांबायचं ते स्टॉप लाइनच्या अलीकडे. तिथून दिसत नसेल तर थांबून झाल्यावर हळूहळू पुढे सरकायचं. पादचारी आणि हिरवा असलेली वाहनं गेल्यावर वळायचं, आणि वळून सगळ्यात जवळच्या, म्हणजे उजव्या कडेच्या लेनमध्येच शिरायचं.

‘लालवर वळू नका’ असा फलक दिसला तर सवलत संपली. फलकावर कधी कधी ठरावीक तासच लिहिलेले असतात, ते वाचा. न्यूयॉर्क शहरात नियम उलटा आहे : परवानगीचा फलक नसेल तर लालवर वळायचं नाही. लाल बाणाचंही राज्याराज्यांत वेगळं आहे. कॅलिफोर्नियात उजवा लाल बाण म्हणजे वळण बंद, वॉशिंग्टन राज्यात तो असतानाही थांबून उजवीकडे वळता येतं. ज्या राज्यात जाणार तिथल्या वाहन खात्याची चालक-पुस्तिका मोफत मिळते. तेवढी पानं विमानात वाचून होतात. कॅनडाच्या माँट्रियल बेटावर जाणार असाल तर तिथे लालवर उजवं वळण बंद आहे, बाकीच्या क्वेबेक प्रांतात 2003 पासून चालू आहे.

आपल्यासाठी खरी अडचण मानेची आहे. इथे उजवीकडे बघून वळायची सवय, तिथे वाहनं डावीकडून येतात आणि धोक्यात असलेला पादचारी तुमच्या उजव्या हाताला असतो. पहिले काही दिवस लालवर वळूच नका, हिरव्याची वाट पाहा. वळता येतं याचा अर्थ वळलंच पाहिजे असा नाही.

प्रश्न : ब्रिटन, जर्मनी आणि जपानमध्येही असंच आहे का?

उत्तर : ब्रिटनमध्ये डाव्या वळणाचा हिरवा बाण पेटल्याशिवाय लालवर वळता येत नाही. जर्मनीत दिव्याशेजारी काळ्या पाटीवर रंगवलेला हिरवा बाण असेल तिथेच, तोही पूर्ण थांबून, उजवीकडे वळता येतं. ही पाटी मूळची पूर्व जर्मनीची, एकीकरणानंतर देशभर आली. जपानमध्ये पांढऱ्या पाटीवर डावीकडचा निळा बाण असेल तर डावं वळण मोकळं. निळ्या पाटीवर पांढरा बाण दिसला तर तो एकेरी मार्गाचा फलक, त्याचा लाल दिव्याशी संबंध नाही. दक्षिण कोरियात 2023 पासून लालवर उजवीकडे वळण्याआधी पूर्ण थांबणं सक्तीचं झालं आहे.

प्रश्न : मी पायी चालणारी. माणसाचा हिरवा दिवा लागलेला असतानाही वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात. रस्ता ओलांडायचा कसा?

उत्तर : तुमचा हिरवा असताना सरळ येणारी वाहनं थांबलेली असतात, वळणारी थांबलेली असतीलच असं नाही. झेब्र्यावर पाय ठेवण्याआधी तुमच्या मागच्या बाजूने वळून येणाऱ्या वाहनाकडे एकदा बघा. सरळ रस्त्याकडे सगळेच बघतात, मागच्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही. फ्री लेफ्टची वेगळी लेन असेल तर फुटपाथपासून बेटापर्यंतचा तुकडा हा वेगळा रस्ता समजा. मुख्य सिग्नलचा हिरवा माणूस त्या तुकड्याला लागू नसतो. बेटावर थांबा, मग पुढचा दिवा बघा.

वेळेचाही अंदाज ठेवा. पादचाऱ्यांचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग सहसा सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे 12 मीटर रुंदीचा रस्ता दहा सेकंदांत. गुडघे दुखत असतील किंवा हाताशी लहान मूल असेल तर वेळ जास्त लागतो, म्हणून हिरवा संपत आलेला असताना निघू नका, पुढच्या खेपेला सुरुवातीलाच निघा. दुभाजक रुंद असेल तर मध्ये थांबून दोन टप्प्यांत ओलांडा. आणि एखाद्या चौकात वळणारी वाहनं झेब्र्यावर थांबतच नसतील, तर वाहतूक शाखेला लेखी कळवा. अर्जात ‘फार त्रास होतो’ लिहून उपयोग नाही. चौकाचं नाव, कोणत्या दिशेचं वळण, कोणत्या वेळात, आणि हिरवा माणूस किती सेकंद राहतो, हे मोजून लिहा. सेकंद वाढवायचे की डाव्या वळणाला लाल बाण लावायचा, हे त्यांना त्या आकड्यांवरूनच ठरवता येतं.